नानकटाई खपली, पैसे कुठे गेले?

प्रश्न : आम्ही कॉलेज रोडच्या सहा विद्यार्थिनी घरी नानकटाई आणि बेदाण्यांचा केक करून विकतो व नफा वृद्धाश्रमाला देतो. दिवाळीत विक्री भरपूर झाली, तरी हाती फारसे उरले नाही. आमचे कुठे चुकले असावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मैदा, तूप आणि साखर तुम्ही हिशेबात धरली असेलच, परंतु ओव्हनची वीज, खोकी, गंगापूर रोडपर्यंतच्या फेऱ्यांचे पेट्रोल आणि पहिल्या घाण्यात तळाशी करपलेली नानकटाई बहुधा राहून गेली. घरातले तूप फुकट नसते, ते आईच्या खर्चात जाते, एवढेच! खर्च वजा जाता उरेल तीच देणगी समजावी, ती वेगळ्या वहीत लिहावी आणि संस्थेकडून पावती घ्यावी.

दुसरे म्हणजे, 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार घरगुती खाद्यविक्रीलाही नोंदणी लागते; हेतू धर्मादाय असला तरी ती टाळू नये. केकमध्ये अंडे असल्यास खोक्यावर हिरवे चिन्ह छापू नये, कारण त्या नियमांत अंडे मांसाहारात मोडते, आणि शाकाहार पाळणारे ग्राहक ते चिन्ह पाहूनच खोका उचलतात.