वेल्श भाषेत भविष्यकाळ कसा बोलावा?

वेल्श नुकतीच शिकू लागलेल्या माणसाने उद्याबद्दल कसे बोलावे, असा आपला प्रश्न आहे. सुरुवातीला ‘असणे’ या क्रियापदाची भविष्यकाळी रूपे पाठ करावीत, कारण पुरुष आणि वचनानुसार तीच बदलतात व मुख्य क्रियापद तसेच राहते: ‘बदा ईन मिन्द अव्होरी’ म्हणजे ‘मी उद्या जाईन’, तर ‘तू जाशील’ म्हणताना फक्त आरंभी ‘बदी दीन’ येते. (‘बदा’, ‘बदी’ आणि पुढच्या ‘बीद’, ‘व्हदी’, ‘व्हदा’ यांतील ‘द’ जिभेचे टोक वरच्या दातांना हलके टेकवून, हवा सोडत उच्चारावा.) मराठीत ‘तो जाईल’ आणि ‘ती जाईल’ यांत क्रियापद एकच असते, तसेच वेल्शमध्येही ‘बीद’ दोघांना चालते.

खरी अडचण प्रश्नात येते. तेथे आरंभीच्या ‘ब’चा ‘व्ह’ होतो, म्हणून ‘तू येथे असशील का?’ हे ‘व्हदी दीमा?’ असे विचारतात. आणि सरसकट चालणारा ‘हो’ वेल्शमध्ये नसल्याने उत्तरात ‘बदा’, म्हणजे ‘असेन’, असेच म्हणावे लागते, नकारात ‘ना व्हदा’. ठरलेल्या बेतासाठी मात्र, आपल्या ‘उद्या जातोय’प्रमाणे, वर्तमानकाळातील ‘दुईन मिन्द अव्होरी’ पुरेसे होते.