रस्त्याकडेच्या अनोळखी पाणथळीत गोड्या पाण्यातले मासे आहेत का, हे गळ टाकण्याआधी कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना डाव्या हाताला रस्त्यालगत एक मोठी हिरवीगार पाणथळ दिसली, बगळे भरपूर होते, माणूस एकही नव्हता. पुढच्या खेपेला गळ घेऊन तिथे थांबावं का, आणि आधी काय बघावं?

थांबा जरूर, पण पहिल्या खेपेला गळ गाडीतच राहू दे. मी सिंधुदुर्गातलाच, गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद लहानपणापासूनचा. नवी जागा दिसली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: हे पाणी वैशाखात असतं का? याचं उत्तर ‘हो’ आलं तरच बाकीचं बघण्यात अर्थ.

आधी बगळ्यांचं सांगतो, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. बगळे दिसले म्हणजे मासे आहेत असं नाही. गायबगळा तर किडे आणि नाकतोडे खाऊन जगतो, त्याला पाणीही लागत नाही. ढोकरी काठावर ध्यान लावून बसलेली असेल तर ती बेडकावरही समाधानी असते. मी पाणकावळा शोधतो. तो बुडी मारून मासे धरतो, म्हणजे त्याला बुडी मारण्याइतकं पाणी आणि पोट भरण्याइतके मासे असे दोन्ही लागतात. पाणकावळे एखाद्या वाळक्या खोडावर पंख पसरून बसलेले दिसले, तर ती जागा वहीत लिहून ठेवावी. तारेवरचा खंड्याही बघा, पण तो पाण्यात सूर मारतोय की बांधावरचे सरडे-नाकतोडे टिपतोय हे पाच मिनिटं थांबून बघा.

आता वैशाखाचं. आपल्याकडे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खाली जांभा, तो पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे गणपतीत जी पाणथळ तळ्यासारखी भासते ती शिमग्यापर्यंत भेगाळलेली जमीन होऊ शकते. तुम्ही ती नेमकी कोणत्या महिन्यात बघितलीत ते लिहिलेलं नाही. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आधी बघितली असेल, तर त्या दृश्यावर काडीचा भरवसा ठेवू नका.

यासाठी वर्षभर वाट बघायची गरज नाही. संगणकावर गुगल अर्थ उघडलं की जुनी उपग्रह चित्रं तारखेनुसार बघता येतात. मार्च ते मे मधलं चित्र काढा. हिरव्या-करड्या पट्ट्यात कुठे काळपट डाग राहिलाय का बघा. तो डाग हीच तुमची जागा, बाकीचा विस्तार म्हणजे नुसता भाताचा मळा. दुसरी खूण जमिनीवर मिळते: आजूबाजूला वायंगण होतं का? हिवाळ्या-उन्हाळ्यात भाताचं दुसरं पीक निघतं म्हणजे पाणी टिकतं. हे विचारायला गावकऱ्यासारखा माणूस नाही. ‘इथे मासे मिळतात का’ असं परक्या माणसाने विचारलं तर कोणीही सावध होतो. त्याऐवजी सरळ विचारावं, “काकानू, हंय वायंगण करतत काय?” मग उत्तर येतं, “आधी करी होते, आता पाणी रवना नाय,” आणि पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला त्या मळ्याचा सगळा इतिहास ऐकायला मिळतो. कुठला व्हाळ (ओढा) येतो, कोणाचा बांध फुटला, चढणीचे मासे कुठून वर येतात, सगळं.

दुसरा प्रश्न पाणी गोडं की खारं. डाव्या हाताला म्हणजे समुद्राच्या उलट्या अंगाला, म्हणून तुम्ही ते गोडं धरून चाललात असं दिसतं. पण त्या रस्त्यावर हे गृहीत धरता येत नाही. कर्लीसारख्या खाड्या वळणं घेत बऱ्याच आत शिरतात आणि भरतीचं पाणी रस्त्याच्या कुठल्याही बाजूला पोचतं. पावसाळ्यात पुराच्या पाण्याने खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतलं, पाणीही गोडसर होतं, त्यामुळे त्या दिवसांतली परीक्षा खोटी ठरते. आणि चव घेऊन बघू नका, कारण खाली सांगतो.

झाडं बघा. तिवर, चिपी किंवा काटेरी पानांची मारांडी दिसली की खारं पाणी येतं हे नक्की. चिखलावर निवटे उड्या मारत असतील, किंवा एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे बिळाशी नांगी हलवत असतील, तर गोड्या पाण्याचा विचार सोडून द्या. उलट कुमुदिनी, कमळ, पानांवर चालणारे कमळपक्षी आणि संध्याकाळी बेडकांचा कल्लोळ असेल तर पाणी गोडं. पाणकणीस मात्र फसवं आहे, थोडं मचूळ पाणी त्याला चालतं. तरी शंका राहिली तर एक काठी पाण्याच्या कडेला रोवा, रेघ मारा आणि जेवून या. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं असतात, म्हणजे सहा तासांत फरक दिसायलाच हवा. भरती कधी हे काढायची आपल्याकडची जुनी रीत माहीत असेलच: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला 3 च्या सुमाराला भरती. खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते. काठी शक्यतो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रोवा, भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत फरक इतका कमी असतो की डोळ्यांना कळत नाही. आणि बांधाला उघडी, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची फळीची झडप, आहे का बघा. असेल तर ते खारभूमीचं, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेलं, शेत आहे, आणि उघडीची फळी कोण आणि कधी वर करतो यावर तिथलं पाणी ठरतं.

समजा पाणी गोडं आहे आणि उन्हाळ्यात टिकतं. आता मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीवर. रस्त्याकडेच्या पाणथळी बऱ्याचदा रस्त्यानेच तयार केलेल्या असतात. मळ्यातून भराव टाकून रस्ता नेला, मोरीची फरशी मूळ जमिनीपेक्षा वर राहिली, की वरच्या बाजूला पाणी तुंबतं. तिथे गाळ साचतो, पाणी पसरतं पण खोल नसतं, आणि गाडीतून तुम्हाला दिसतं ते हेच. खरी जागा बहुतेक वेळा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला असते. मोरीतून पावसाळ्यात जोराने सुटणारं पाणी तोंडाशी जमीन उकरतं आणि तिथे एक कोंड तयार होते. वरून बघितलं तर चार हातांचं डबकं, पण उन्हाळ्यात सगळा मळा सुकला की मासे तिथे गोळा झालेले असतात.

मोरीत दुसरी गोष्ट बघायची ती पायरी. जूनच्या पहिल्या पावसात मासे नदीतून व्हाळात आणि व्हाळातून मळ्यात अंडी घालायला चढतात. मोरीच्या खालच्या तोंडाशी फरशी लोंबकळती राहिली असेल, म्हणजे पाणी धबधब्यासारखं खाली पडत असेल, तर बहुतेक मासे तिथेच अडतात. मग वरची पाणथळ कितीही देखणी असो, तिच्यात जुनेच, अडकलेले मासे असणार. महामार्गांच्या नव्या कामांत अशा पायऱ्या बऱ्याच दिसतात. मोरी सपाट असेल, तिच्या तळाशी वाळू-गोटे असतील आणि खाली व्हाळ नदीला मिळत असेल, तर माझ्या लेखी निम्मं काम झालं.

पाण्याचा रंग आणि तवंग बघून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. जांभ्याच्या मुलखात पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आणि खाली नारिंगी चिकट गाळ सर्रास असतो. तो लोहाचा आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा. काडीने ढोसा: तवंगाचे कोनेदार तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर लोह, पुन्हा एकमेकांत मिसळले तर ट्रकचं तेल. तेल असेल किंवा वरच्या अंगाला गॅरेज, हॉटेलचं गटार, कोंबड्यांची पिसं फेकायची जागा असेल, तर तिथला मासा खाण्यासाठी धरू नये. लोटे-परशुराम किंवा महाडसारख्या रासायनिक वसाहतींच्या खालच्या अंगाला तर मी पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी खाण्यासाठी गळ टाकणार नाही.

गाळ ढवळल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला तर तळाशी प्राणवायू नाही. अशा पाण्यात शिंगटीसारखे हवा गिळू न शकणारे मासे फार टिकत नाहीत, पण मरळ मजेत राहते, कारण ती वर येऊन हवा घेते. म्हणून पहाटे उजाडताना काठाशी गप्प बसा. वनस्पतींच्या मधल्या मोकळ्या जागेत थोड्या थोड्या वेळाने एकच जाड ‘गुळुप’ ऐकू आला आणि तिथे बुडबुडे राहिले, तर ती मरळ. पण शेकडो लहान मासे एकदमच पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतील तर पाणी गुदमरलंय. त्या आठवड्यात तिथे काही करू नका. पावसाळ्यात पृष्ठभागाशी तांबूस-नारिंगी पिल्लांचा ढगच्या ढग फिरताना दिसेल, त्याखाली पिल्लं राखणारी मरळ असते. ती गळाला चटकन लागते, आणि म्हणूनच तिला सोडून द्यावं. तिला उचललं की त्या पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही.

खोली मोजायला पाण्यात उतरू नका. दोरीला नुसतं शिसं बांधा, गळ नको, आणि चार ठिकाणी फेकून बघा. वर ओढताना शिसं चिखलातून सुटतं, गवतात अडकतं की गोट्यावर खटखटतं हे हाताला कळतं.

उतरू नका म्हणतो त्याला कारणं आहेत. पहिलं लेप्टो. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा हा आजार कोकणात दर पावसाळ्यात माणसं आजारी पाडतो, पायाला भेग असेल तर अनवाणी चिखलात जाणं म्हणजे त्याला निमंत्रण. गमबूट घाला, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आपणहून सांगा. दुसरं साप: पाण्यातला दिवड बिनविषारी, पण बांधावरच्या पातेऱ्यात घोणस आणि कातळावर फुरसं असतं. तिसरं मगर. महाडजवळच्या सावित्रीत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. पुराच्या दिवसांत त्या नदीलगतच्या पाणथळीतही येऊ शकतात, म्हणून नदी जवळ असेल तर गावात विचारल्याशिवाय काठाला टेकू नये. चौथं कोणी सांगत नाही: डोक्यावरची वीजवाहिनी. हल्लीच्या कार्बनच्या काठ्यांतून वीज वाहते. तारेखाली काठी उगारूच नका.

चिरेखाणीत साचलेलं पाणी दिसलं आणि मोह झाला तर लांबूनच बघा. कडा उभ्या, खोली काठापासूनच, पडलेला माणूस वर येऊ शकत नाही.

परवानगीचं थोडक्यात. मळा बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो, तळं ग्रामपंचायतीचं असू शकतं किंवा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेलं. ज्याला वायंगणाचं विचारलंत त्यालाच हे विचारा. देवळाशेजारचं तळं असेल तर विषयच सोडा. महाडजवळच्या वाळणकोंडीतल्या देवाच्या माशांना जसं कोणी हात लावत नाही तसा नेम कुठल्याही गावात असू शकतो. आणि मेलेले मासे एकदमच तरंगताना दिसले तर कोणीतरी ब्लिचिंग किंवा विष टाकलेलं असण्याची शक्यता धरा. विष किंवा सुरुंगाने मासे मारायला 1897 च्या कायद्यापासूनच मनाई आहे, तरी ते चालतं. तिथला एकही मासा घरी नेऊ नका.

सगळं जमून आलं तर गळ घेऊन जायची माझी वेळ म्हणजे दिवाळीनंतर पाणी निवळलं की, किंवा सरळ एप्रिलात, उरलेल्या कोंडीवर. गाडी मोरीवर नको, पुढे रुंद जागी लावा. साध्या काठीला गांडूळ लावून मोरीच्या खालच्या तोंडाशी टाका. शिंगटी किंवा चिलापी असेल तर अर्ध्या तासात कळतं. मरळीसाठी रबरी बेडूक वनस्पतींच्या कडेने ओढत आणा आणि तिने झडप घातल्यावर लगेच हिसका न देता दोन श्वास थांबा. चिलापी लागली तर परत सोडू नका, बाहेरून आलेली आहे आणि इथल्या माशांची अंडी खाते. तव्यावर बरी लागते.