वाचकांचे प्रश्न : होडीमागे ओढायचे धातुशोधक यंत्र कसे निवडावे?

प्रश्न : देवगड तालुक्यातील आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांचे नांगर, साखळ्या, कधी आऊटबोर्ड (होडीमागे बाहेरून लावायचे) इंजिन, कधी होडीचा पंखा असे साहित्य दरवर्षी पाण्यात जाते. पाणी चार-पाच वाव (सात ते नऊ मीटर), तळाला चिखल, मध्येच खडप (खडकाळ भाग). होडीमागे ओढायचे एखादे शोधयंत्र संस्थेने घ्यावे असे ठरत आहे. एका जाणकाराने मॅग्नेटोमीटर सुचवला, दुसऱ्याने पल्स इंडक्शनचे यंत्र. विक्रेता मात्र दोन्हींचे काम एकच असल्याचे सांगतो. आम्ही काय घ्यावे?

उत्तर : दोन्ही यंत्रांचे काम एकच नाही, आणि हे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मॅग्नेटोमीटर धातू शोधत नाही. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजतो आणि लोखंडामुळे त्या क्षेत्रात पडलेला फरक दाखवतो. त्यामुळे त्याला लोखंड आणि साधे पोलाद कळते. पितळ, कांसे, ॲल्युमिनियम, शिसे यांच्यावरून तो काही न सांगता निघून जातो, आणि नौकांवर वापरतात त्या बहुतेक स्टेनलेस स्टीललाही तो जवळजवळ आंधळाच असतो. आपल्या यादीतला नांगर आणि साखळी त्याला सापडेल, कांशाचा पंखा सापडणार नाही. आऊटबोर्ड इंजिनाचे बाहेरचे अंग ॲल्युमिनियमचे असते, तेव्हा आतल्या पोलादी भागांपुरतीच त्याची खूण उमटेल.

पल्स इंडक्शनचे काम वेगळे आहे. त्याच्या तारेच्या कड्यातून (कॉइलमधून) विजेचा जोरदार ठोका सोडून तो एकदम तोडतात. त्या धक्क्याने जवळच्या कोणत्याही धातूत क्षणभर प्रवाह घुमतात आणि यंत्र ते विरताना ऐकते. खाऱ्या पाण्यातही असे प्रवाह उठतात, पण ते धातूतल्यापेक्षा लवकर विरतात, म्हणून यंत्र ठोक्यानंतर किंचित थांबून मगच कान देते. कांसे असो वा ॲल्युमिनियम, त्याला सगळे सारखेच. मात्र त्याची नजर फार आखूड असते. कढईएवढ्या वस्तूसाठी तीन-चार फूट, नांगरासाठी त्याहून थोडे अधिक, इतकीच पोच धरून चालावे. याचा अर्थ कडे तळापासून हातभर उंचीवर, न आपटता, न अडकता ओढावे लागते. जिथे चिखलातून खडप वर येते तिथे हे सोपे नाही, आणि आपल्या बाजूच्या पाण्यात जुन्या जाळ्यांचे अवशेषही थोडे नसतात.

मॅग्नेटोमीटरच्या पोचेचा अंदाज मात्र खरेदीपूर्वी कागदावर काढता येतो. एक टन लोखंड दहा मीटरवरून ढोबळमानाने 10 नॅनोटेस्लाचा (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) फरक दाखवते. वजन निम्मे झाले की फरक निम्मा, पण अंतर दुप्पट झाले की फरक आठपट कमी. साखळीसह 80 किलोचा नांगर सेन्सरपासून चार मीटरवर असेल तर सुमारे 12 नॅनोटेस्ला, आठ मीटरवर असेल तर जेमतेम दीड. कोकणातले मूळ क्षेत्र 42 हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते, त्यात दीडचा फरक लाटांच्या हेलकाव्यात हरवतो. म्हणून पाच वाव पाण्यात सेन्सर पृष्ठभागावर तरंगत ठेवून ओढणे म्हणजे डिझेल जाळणे होय. केबलला वजन लावून तो तळापासून तीन-चार मीटरवर आणला पाहिजे. लगतच्या दोन फेऱ्यांमधले अंतर पाच-सहा मीटरपेक्षा जास्त ठेवू नये.

आता एक गोष्ट, जी परदेशी माहितीपत्रकात लिहिलेली नसते. देवगडपासून वर मुंबईपर्यंतचा आपला काळा कातळ हा लाव्हारसाचा खडक असून तो स्वतःच चुंबकीय आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत आम्ही तुटलेली साखळी शोधत होतो, तेव्हाची नोंद मला आजही आठवते : बराच वेळ पडद्यावर 42,140 आणि 42,141 एवढाच खेळ चालला होता, मग पंधरा-वीस सेकंदांत आकडा आधी 42,390 आणि पुढे 42,610 वर गेला. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) लगेच खुणेचा बोया टाकला, पाणबुड्या खाली गेला आणि हातावर खरचटून वर आला. खाली साखळीची एक कडीही नव्हती, नुसती कातळाची सोंड होती. तेव्हापासून मी आकड्याच्या उंचीपेक्षा त्याच्या रुंदीकडे आधी पाहतो. तीन नॉट वेगाने जाताना होडी सेकंदाला दीड मीटर सरकते, आणि चार मीटरवरचा नांगर पाच-सहा सेकंदांतच येऊन जातो. जो फुगवटा मिनिटभर टिकतो आणि शेजारच्या फेऱ्यांतही त्याच रेषेत दिसतो, तो बहुधा खडकाचा असतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला हा कातळ उरत नाही, पण पुढे रेडीच्या परिसरात लोहखनिज आहे, तेव्हा तिथेही निर्धास्त राहू नये.

याच कारणासाठी यंत्राच्या वाचनाच्या वेगाला महत्त्व आहे. साधा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर एकेक-दोनदोन सेकंदांनी वाचन देतो, म्हणजे त्याच नांगरावर आपल्याला दोन-तीनच आकडे मिळतील. ओव्हरहाउझर जातीचा सेन्सर जलद असतो आणि बॅटरी कमी खातो. सीझियमचा सेकंदाला दहा किंवा अधिक वाचने देतो, पण महाग असतो आणि काही दिशांना आंधळा होतो. आपल्याकडे क्षेत्राची रेषा जमिनीशी फक्त वीस-पंचवीस अंशांनी कललेली असते, त्यामुळे उत्तर-दक्षिण ओढताना सेन्सर आंधळ्या दिशेत सापडतो का, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. याच कलामुळे इथे लोखंडाची खूणही वेगळी उमटते : युरोपातल्या पुस्तकांत दाखवतात तसा उंचवटा नव्हे, तर दक्षिणेला लहान चढ आणि उत्तरेला मोठा खळगा. वस्तू सहसा खळग्याच्या बाजूला असते. किनाऱ्याला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण फेऱ्या मारल्या की हा जोडीचा आकार नीट दिसतो.

होडीच्या इंजिनाचे लोखंडही सेन्सरला दिसते, म्हणून तो होडीच्या लांबीच्या निदान तिप्पट मागे ठेवावा. ही खबरदारी नवी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली आणि तिथली इमारत पोरबंदरच्या बिनचुंबकीय दगडात बांधली गेली. विजेच्या तारांपासून दूर जाण्यासाठी त्या लोकांनी गाव बदलले, आपल्याला फक्त केबल लांब सोडायची आहे. मात्र सेन्सर जितका मागे, तितकी जीपीएसची नोंद पुढची. तेवढे अंतर वजा केल्याशिवाय बोया टाकू नये.

तेव्हा माझा सल्ला असा. संस्थेने आधी बाजूचा तळ दाखवणारा चांगला सोनार (ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणारे यंत्र) घ्यावा, कारण चिखलात न रुतलेली वस्तू त्यावर आकारानिशी दिसते आणि मासेमारीच्या कामालाही तो वर्षभर लागतो. मॅग्नेटोमीटर विकत न घेता गरजेपुरता भाड्याने, चालवणाऱ्या माणसासह आणावा. पल्स इंडक्शनचे ओढायचे यंत्र खडपाच्या जागी टिकणार नाही. त्याऐवजी पाणबुड्याच्या हातात धरायचे छोटे यंत्र घ्यावे आणि सोनारने जागा आखून दिल्यावर पंख्यासाठी ते वापरावे. एकटा नांगर हरवला असेल आणि जागेची खूण पक्की असेल, तर यापैकी काहीच करू नये : दोन होड्यांमध्ये लोखंडी आकड्यांचा (हुकांचा) दोर बांधून भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवशी, पाणी स्थिर असताना, तळ ओढून पाहावा.

प्रश्न : आम्ही काही मित्र हौशी पाणबुडे आहोत. जलदुर्गांच्या आसपास बुडालेल्या तोफा शोधण्यासाठी यांपैकी कोणते यंत्र योग्य ठरेल?

उत्तर : ओतीव लोखंडाची तोफ मॅग्नेटोमीटरला छान सापडते, टनभर वजनाची असेल तर पाच मीटरवरून 80 नॅनोटेस्लाच्या आसपास. तरीही आपण हे परवानगीशिवाय करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि मालवणजवळच्या पाण्याचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. कायद्याइतकेच दुसरे कारण मला महत्त्वाचे वाटते. समुद्रातून काढलेले लोखंड क्षार न काढता वाळू दिले तर त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि तोफ डोळ्यांदेखत ढासळते.

गोव्याजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी एका जुन्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांचा अभ्यास केला. तिथे तोफांबरोबर हस्तिदंतही मिळाले. हस्तिदंत कोणत्याही धातुशोधकाला लागत नाही. तोफ उचलून नेली असती तर तिच्याशेजारी काय पडले होते, हे कुणालाच कळले नसते. आपल्याला पाण्याखाली तोफ दिसलीच, तर तिला हात न लावता जीपीएसची जागा, पाण्याची खोली आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून घ्यावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि ते पुरातत्त्व विभागाकडे पाठवावे.