विमानाच्या सुरुवातीच्या काळाबद्दल शिकवताना मुलांना वर्गात हाताने काय करायला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या शाळेत सातवीची 48 मुलं आहेत, विज्ञान मंडळाचे दोन तास मिळालेत, खर्चाला जेमतेम पाचशे रुपये आहेत. राइट बंधूंची गोष्ट सांगून झाली, कागदी विमानं उडवून झाली, आता पुढे काय? मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत चौदा वर्षं विज्ञान शिकवतेय आणि हा विषय दरवर्षी घेते. जे मुलांबरोबर करून पाहिलंय तेवढंच लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोन भाऊ होते, सायकलचं दुकान होतं, त्यांना उडायचं होतं आणि शेवटी ते उडाले, अशी गोष्ट सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. त्या भावांपुढे जो प्रश्न होता तोच मुलांपुढे ठेवा. राइट बंधूंच्या 1903 च्या उड्डाणाआधीही माणूस हवेत गेलेलाच होता. 1783 मध्ये मोंगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून दोन माणसं पॅरिसवरून सुमारे 25 मिनिटं गेली. जर्मनीत ओटो लिलिएन्टाल स्वतः बनवलेले पंख घेऊन टेकडीवरून दोन हजारांच्या आसपास वेळा तरंगला, आणि 1896 मध्ये असाच तरंगताना कोसळून गेला. वर जाणं जमत होतं. वर गेल्यावर वाऱ्यात तोल सांभाळणं जमत नव्हतं. राइट बंधूंनी नेमकं तेच धरलं, कारण ते सायकलवाले होते. सायकलही आपण क्षणाक्षणाला सावरतो म्हणून उभी राहते.

म्हणून माझा पहिला प्रयोग टूथपेस्टच्या खोक्याचा. प्रत्येक मुलाला घरून एक रिकामं लांबट खोकं आणायला सांगा. दोन्ही टोकांची झाकणं उघडून कापून टाकायची. खोकं आडवं धरायचं. डाव्या टोकाला वरचा पुढचा कोपरा आणि खालचा मागचा कोपरा चिमटीत दाबायचा, उजव्या टोकाला बरोबर उलटे दोन. हलकेच दाबलं की खोकं पिळतं: वरचा पृष्ठभाग एका टोकाला पुढून वर उचलतो, दुसऱ्या टोकाला खाली झुकतो. विल्बर राइटला 1899 मध्ये दुकानात असंच सायकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळताना सुचलं की दोन मजली पंखही असेच पिळता येतील. एका बाजूला जास्त उचल, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे कललेलं विमान सरळ करता येईल. त्याच वर्षी त्यांनी पाच फुटांचा पतंग करून ही कल्पना तपासली. मुलांच्या हातात ते खोकं पिळतं तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती मला दरवर्षी आवडते. याला खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

जमलं तर त्याच दिवशी मुलांना पाच मिनिटं गच्चीवर न्या आणि घार दाखवा. ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, दुपारी अकरानंतर आकाशात घार नाही असं होत नाही. "घार पंख न हलवता वळते कशी, फक्त शेपटीकडे बघा," एवढंच सांगा. ती शेपूट पिळते, पंखांची टोकं थोडी वाकवते. राइट बंधूही पक्षी असेच तासन्‌तास बघत बसायचे. मुलांना हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः ओरडून सांगितलेलं बरं.

आता उचल कशी मिळते याकडे येते. इथे माझी एक चूक आधी सांगते, म्हणजे तुमची वाचेल. पहिली काही वर्षं मी फळ्यावर तीच नेहमीची आकृती काढायचे: पंख वरून फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, खालच्या हवेबरोबर पलीकडे पोचायचं म्हणून तिला जोरात पळावं लागतं, म्हणून वर दाब कमी. एका मुलीने कागदी विमान उंच धरून विचारलं, "बाई, याचे पंख तर सपाट आहेत. हे मग कसं उडतं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचायला लागले तेव्हा कळलं की दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी पोचावं असा काही नियमच नाही. वरची हवा उलट आधीच पुढे निघून जाते. वर दाब कमी असतो, वेग जास्त असतो, हे दोन्ही खरं. पण "बरोबर पोचायचं म्हणून" हे कारण खोटं. पंख थोडा तिरपा किंवा वाकडा असतो, तो हवेला खाली वळवतो, आणि हवा त्याला वर ढकलते. पंखाच्या मागच्या कडेला लोकरीचे दोन-तीन तुकडे चिकटवून तो फॅनसमोर तिरपा धरा. लोकर मागे जाताना खाली झुकलेली दिसते. सातवीच्या मुलांना इतकं पुरतं.

मग काटा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रयोग हाच, तुमच्या दोन तासांतला एक पूर्ण तास याला द्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा कुणाच्या तरी घरून मिळतो. एक टेबल फॅन. गणपतीच्या वेळी उरलेली शाडूची माती आमच्या प्रयोगशाळेत पडून असते, तिचा मुठीएवढा गोळा करून काट्यावर ठेवायचा, त्यात बांबूच्या दोन काड्या वीतभर उंच उभ्या खोचायच्या आणि त्यांच्या टोकांवर कार्डपेपरचा 20 सेंटिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर खोल पंख चिकटपट्टीने बसवायचा. काट्याच्या पुढे एक जाड पुस्तक उभं करा, म्हणजे वारा थेट काट्यावर येणार नाही. फॅनची हवा गोल फिरत येते, ती सरळ करायला पुठ्ठ्याचं खोकं दोन्हीकडून उघडून त्यात कागदी स्ट्रॉ गच्च भरा. खोकं फॅन आणि पंखाच्या मध्ये ठेवा. वर्गातले वरचे फॅन बंद, खिडक्या बंद.

आता काटा शून्यावर आणायचा आणि फॅन लावायचा. आकडा उणे होतो. उणे तीन, उणे पाच, उणे सात. मुलं बाकांवर उभी राहतात. वाऱ्याने सात ग्रॅम उचलले हे त्यांना डोळ्यांनी दिसतं, नुसतं ऐकायचं राहत नाही. मग कंपासमधला कोनमापक लावून पंखाचा कोन बदलायचा: 0, 5, 10, 15, 20 अंश. प्रत्येक कोनाला तीन वेळा आकडा घ्यायचा आणि वहीत लिहायचा. कोन वाढवत गेलं की उचल वाढते, पण एका टप्प्यानंतर वाढ थांबते, कधी कधी कमीच होते. आमच्याकडे ते साधारण 15 अंशांच्या आसपास होतं. नंतर सपाट पंख काढून तोच कार्डपेपर पेन्सिलीवर हलका गुंडाळून वाकडा करून लावा आणि पुन्हा मोजा. फरक मुलंच सांगतील.

एक पायरी मात्र चुकवू नका. सुरुवातीला पंख न लावता नुसत्या काड्या ठेवून फॅन लावायचा. तेव्हाही काट्यावर एखादा ग्रॅम आला तर तो लिहायचा आणि नंतरच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मुलांना वाटतं हा वेळेचा अपव्यय आहे. इथेच राइट बंधूंचं 1901 सांगा. त्या वर्षी त्यांचं ग्लायडर हिशेबाप्रमाणे उचल देत नव्हतं. हिशेब त्यांनी आधीच्या लोकांच्या आकड्यांवरून केला होता. तेव्हा त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली, एका टोकाला पंखा लावला, करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून आत तराजू केला आणि सुमारे 200 लहान लहान पंख त्यात मोजले. वाऱ्याच्या दाबावरून उचल काढायच्या हिशेबात शंभरहून जास्त वर्षं सगळे जो एक गुणक 0.005 धरून चालत होते तो खरं तर 0.0033 च्या जवळ आहे, हे त्यांना स्वतःच्या मोजणीतून कळलं. काट्यासमोर बसून ऐकलेली ही गोष्ट मुलांना वर्षाच्या शेवटीही आठवते.

दुसरा तास मैदानावर आणि व्हरांड्यात. मैदानावर फक्कीने 36.6 मीटरची रेघ मारून घ्या. 17 डिसेंबर 1903 ला ऑर्व्हिल राइटचं पहिलं उड्डाण एवढंच होतं, 120 फूट, 12 सेकंद. खो-खोच्या मैदानाच्या लांबीहून साधारण साडेनऊ मीटर जास्त. त्या विमानाचे पंख 12.3 मीटर रुंद होते: नऊ मुलं हात पसरून रांगेत उभी करा, पंख तयार. मग घड्याळ लावून मुलांना त्या रेघेवरून पळवा. सातवीची मुलं सात-आठ सेकंदांत पोचतात. "बाई, आम्ही विमानाला हरवलं!" असा गलका होतो. तो होऊ द्या, आणि मग विचारा, इतकं हळू जाणारं यंत्र हवेत राहिलंच कसं? त्या दिवशी समोरून ताशी 40 किलोमीटरहून जास्त वारा होता. जमिनीवरून बघणाऱ्याला विमान रेंगाळत होतं, पण पंखांवरून हवा ताशी 50 च्या आसपास वाहत होती. आमच्या शाळेवरून मुंबईला उतरणारी विमानं जातात, बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून, कारण वारा समुद्राकडून येतो. हे सांगितलं की मुलं वर बघून स्वतःच म्हणतात, "म्हणजे तीही वाऱ्याच्या समोरून उतरतात." त्याच दिवशीचं चौथं उड्डाण 59 सेकंद आणि 852 फूट झालं. मैदान मोठं असेल तर तीही रेघ मारा, नसेल तर राहू द्या.

व्हरांड्यात डाकेचं विमान. 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे 6500 पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली, जगातली पहिली अधिकृत विमानडाक. आणि 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला डाक आणली. मुलांचं काम एवढंच: कार्डपेपरच्या ग्लायडरवरून एक रुपयाचं नाणं पाच मीटर पलीकडे न्यायचं. नाणं नाकावर लावलं की विमान नाक खाली करून आपटतं, शेपटीकडे लावलं की वर उठून मागे पडतं. जागा शोधता शोधता गुरुत्वमध्य त्यांना बोटावर तोलून कळतो. नियम एकच ठेवा, दर फेकीला एकच गोष्ट बदलायची आणि ती आधी वहीत लिहायची.

गरम हवेचा फुगा करायचा असेल तर हेअर ड्रायर वापरा, आग अजिबात नको. पेटते कंदील तर आपल्या भागात, विमानांच्या वाटेवर, मुळीच सोडू नका. आणि हा प्रयोग डिसेंबरच्या सकाळी घ्या. 25 अंशांची एक घनमीटर हवा 60 अंशांपर्यंत तापवली की साधारण 120 ग्रॅम उचलते. एप्रिलमध्ये बाहेरच 35 असतं तेव्हा हेच 85 वर येतं. लॉन्ड्रीतून कपड्यांवर येणारी पातळ मोठी पिशवी लागते, कचऱ्याची जाड पिशवी जागची हलत नाही. पतंग संक्रांतीच्या आठवड्यात घ्या: कन्नीची गाठ एक बोट वरखाली करून पतंगाचा कोन कसा बदलतो ते बघायचं. साधा सुती दोरा वापरा, नायलॉन मांजावर बंदी आहे आणि त्याने पक्षी कापले जातात.

शेवटी, वर्गात कुणीतरी हात वर करून शिवकर बापूजी तळपदेंचं नाव काढणारच. 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं असं मुलांनी घरी ऐकलेलं असतं. मुलाला गप्प करू नका आणि मान डोलावून पुढेही जाऊ नका. मी फळ्यावर दोन रकाने आखते. राइट बंधूंकडे काय आहे? उड्डाणाच्या क्षणाचा, जॉन डॅनियल्स या साक्षीदाराने काढलेला फोटो, त्याच दिवशी वडिलांना पाठवलेली तार, डायरी, पाच साक्षीदार, वॉशिंग्टनच्या संग्रहालयातलं यंत्र, आणि नंतर लोकांसमोर केलेली उड्डाणं. दुसऱ्या रकान्यात यातलं काय आहे ते मुलांनाच शोधायला सांगते. त्या दिवसाचा फोटो, यंत्राची मोजमापं, पडताळून बघता येईल अशी तेव्हाची नोंद, यातलं काहीच पुढे आलेलं नाही. तळपदे मुंबईचे, आपले, म्हणून मुलांना वाईट वाटतं. ते वाटू द्यावं आणि रकाना रिकामाच ठेवावा. आदल्या दिवशी काट्यावरचा एक ग्रॅम वजा करायला शिकलेली मुलं हे समजून घेतात.

दोनच तास असतील तर खोकं, काटा, धावणं आणि नाणं एवढंच धरा, फुगा आणि पतंग पुढे ढकला. 48 मुलांचे सहा गट करा, काटे निदान तीन मिळवा, म्हणजे निम्मे गट मोजतील तेव्हा निम्मे पंख बनवतील. काट्यात नवे सेल घाला. सेल उतरले की फॅन बंद असतानाही आकडा हलतो, आणि अख्खा गट तो वहीत लिहून मोकळा होतो.