वाचकांचे प्रश्न : बर्चच्या सालीची होडी

प्रश्न : कॅनडात बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारासाठी झाडाच्या सालीच्या होड्या वापरत, असे वाचले. दगडाला लागून साल फाटत नसे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : फाटत असे, आणि वारंवार. पण फाटली की काठावरच्या जंगलातल्या सामानातूनच तिची डागडुजी होई, हा या होडीचा मोठा गुण.

अनिशिनाबे, अल्गोंक्विन या तिथल्या मूळ रहिवाशांची ही विद्या. बर्च या झाडाची साल पांढरी बाजू आत आणि तपकिरी बाजू पाण्याकडे ठेवून लावतात. जोड शिवायला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळे उभी चिरून, भिजवून घेतात. आत सीडरच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, आणि त्यांवर गरम पाण्याने मऊ करून वाकवलेल्या फासळ्या ठोकून बसवतात. खिळा एकही नाही. शिवण आणि राळ हे काम बहुधा बायकांचे. व्यापाराच्या इतिहासात त्यांना फारच कमी जागा मिळाली आहे.

शिवणीवर लावायची राळ म्हणजे वितळवलेला स्प्रूसचा डिंक, त्यात प्राण्याची चरबी आणि कोळशाची पूड. सगळी मेख चरबीच्या प्रमाणात आहे. कमी पडली तर गार पाण्यात राळ तडकते, जास्त झाली तर उन्हात ओघळते. पारख अशी : सालीची पट्टी राळेत बुडवा, पाण्यात गार करा आणि दुमडा. तडा गेला तर चरबी वाढवा. गार झाल्यावरही बोटाला चिकटत असेल तर डिंक वाढवा. दुरुस्तीसाठी सालीची गुंडाळी, मुळे, डिंक आणि आत आलेले पाणी टिपायला स्पंज हे होडीत असेच. मुक्कामाला होडी उलटी करून शिवणी तपासत.

तळाशी लांब काठ्या अंथरून त्यांवर गाठोडी रचत, म्हणजे भार एकाच जागी सालीवर येत नसे. भरलेली होडी किनाऱ्याला टेकवायची नाही, हा पक्का नियम. ती तरंगत असतानाच वल्हेकरी पाण्यात उतरत आणि माल खांद्यावरून काठावर नेत. ओढली की तळ गेलाच.

प्रश्न : आमच्याकडच्या होडीला उलांडी (तोल राखायला बाजूला बांधलेले तरंगते लाकूड) असते. या होडीला का नाही?
– एक वाचक, मालवण

उत्तर : खोड कोरून केलेली अरुंद होडी समुद्राच्या लाटेत उलटू नये म्हणून उलांडी लागते. सालीची होडी रुंद, तिचा माल तळाशी, आणि वाट नदीची. खडकांमधल्या धारेत उलांडी अडकून मोडली असती.

शिवाय धबधबा आला की माल आणि होडी दोन्ही उचलून जमिनीवरून न्यावे लागत. मॉन्ट्रियलहून निघणारी मोठी होडी सुमारे ३६ फुटांची, तीत ३ टनांच्या आसपास माल. सुपीरियर सरोवराच्या पलीकडे अरुंद नद्यांसाठी २५ फुटांची होडी. गाठोडे प्रत्येकी ९० पौंडांचे, म्हणजे जवळपास ४१ किलोचे, आणि एक माणूस एका खेपेला सहसा दोन नेई. चामडी पट्टा कपाळावर, त्याला बांधलेले पहिले गाठोडे कमरेच्या वर, दुसरे त्याच्यावर. सुपीरियर सरोवराकाठून निघणारी ग्रँड पोर्टेज ही माल वाहून न्यायची पायवाट सुमारे १४ किलोमीटर, म्हणून ठरावीक अंतरावर ओझे उतरवून दम खात. अशा ओझ्याने अंतर्गळ होऊन माणसे दगावत.