सगळ्यांचे हात खिशात

"वर्षभरात काय शिकलात, स्वतःमध्ये काय बदल जाणवला, ते आठशे शब्दांत लिहा." इलस्ट्रेशनच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलीला कॉलेजनं हे काम दिलं होतं, आणि त्या आठशे शब्दांपायी ती माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"लिहायला काही नाहीच, मॅडम. मी होते तिथंच आहे. खरं सांगू का, मागं गेलेय."

चित्र, गाणं, लेखन असं काही शिकणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते आलं की आधी दुसऱ्याच गोष्टी विचारते. झोप कशी लागते, जेवण जातं का, मित्रमैत्रिणींत मन रमतं का, जगण्याचाच कंटाळा आलाय का. यातलं काही बिघडलेलं असेल तर प्रगतीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी तिकडे बघावं लागतं. तिचं तसं काही नव्हतं. झोपत होती, हसत होती, वर्गातल्या गमती सांगत होती. स्केचबुकचा विषय निघाला की मात्र खांदे पडायचे.

तिनं लिहिलेला कच्चा मजकूर दाखवला. तीनच ओळी. "माझी रेष कमजोर आहे. मला अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) येत नाही. मला अजून स्वतःची स्टाइल सापडलेली नाही." आरोपपत्र वाचल्यासारखं वाटलं. आरोपी हजर, वकील गैरहजर.

मग माझ्याकडून एक चूक झाली. तिनं फोनवर चार-पाच चित्रं दाखवली आणि मी सवयीनं बोलून गेले, "अगं, किती छान आहेत!" तिनं फोन उलटा ठेवला. "तुम्हाला चित्रातलं कळत नाही ना, म्हणून."

बरोबर होतं तिचं. मला चित्रातलं कळत नाही. शाळा सुटल्यापासून मी पेन्सिल धरली ती यादी करायला. अशा वेळी केलेलं कौतुक म्हणजे समोरच्याचं म्हणणं ऐकायचं टाळण्याची सभ्य रीत असते, हे मला माहीत असायला हवं होतं. पालकही नेमकं हेच करतात, आणि मग "आम्ही इतकं प्रोत्साहन देतो तरी ही अशी का" म्हणून विचारायला येतात.

तिची खरी अडचण अशी की तिच्याकडे फूटपट्टीच नव्हती. धावणाऱ्याला घड्याळ असतं. चित्राला सेकंद नसतात, मार्क असले तरी ते कशाचे हे धड कळत नाही. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की आपली कुवत मोजायला वस्तुनिष्ठ साधन नसलं की माणूस आजूबाजूच्यांशी तुलना करून ती ठरवतो. त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष आजूबाजूची माणसं होती. हिच्या फोनमध्ये साठवलेली हजारावर चित्रं होती. बहुतेक व्यावसायिकांची, सगळी पूर्ण झालेली, आणि ती चाळून झाल्याशिवाय ही कागदाला हात लावत नसे. तिला म्हटलं, फोल्डर उडवू नकोस, फक्त क्रम बदल. आधी काढ, मग बघ. एवढ्यानंही पहिल्या रेषेची भीती थोडी कमी झाली, असं तिनं नंतर सांगितलं.

पुढच्या वेळी सगळी स्केचबुकं आणायला सांगितली. कॉलेजच्या आधीचीसुद्धा. ती पाच वह्या घेऊन आली. सगळ्यात जुनीची पाठ सुटलेली, चिकटपट्टीनं बांधलेली. मी एकेक पान उलटत होते आणि ती बाजूला बसून प्रत्येक पानावर "हे सोडा", "हे बघू नका" करत होती.

जुन्या वहीत माणसं भरपूर होती. उभी, बसलेली, पाठमोरी, जिन्यात, खिडकीत. पंधरा-वीस पानांनंतर मला काहीतरी खटकलं. मी परत मागं गेले.

"या सगळ्यांचे हात खिशात का आहेत गं?"

ती आधी हसली. मग वही ओढून घेतली. खिशात नव्हते ते पाठीमागे होते. पाठीमागे नव्हते ते शालीत, टेबलाखाली, पिशवीआड. एक बाई दोन्ही हात ओच्यात गुंडाळून बसलेली. अख्ख्या वहीत उघडा असा एकच हात होता आणि तोही कागदाच्या कडेला कापलेला.

"मला हात यायचे नाहीत," ती म्हणाली. "म्हणून लपवायचे."

मग आम्ही नवी वही उघडली. त्यात हात होते. पानंच्या पानं हात. कप धरलेले, दोरी ओढणारे, केस बांधणारे. बरेचसे चुकलेले असावेत, कारण त्यांवर तिनं स्वतःच काट मारली होती. माझ्यासमोर दोन वह्या शेजारी शेजारी होत्या. एकीत चूक जवळजवळ नाही, कारण अवघड असं काही काढलेलंच नाही. दुसरीत पानोपानी चुका. या चुका मोजून तिनं ठरवलं होतं की आपण मागं गेलो.

तिला म्हटलं, "मला हात कसा काढायचा ते सांग." तिनं माझ्यापुढे आपला हात धरला. "नवशिके काय करतात, एकेक बोट कडेकडेनं काढत जातात. नखांसकट. मग तो फुगवलेल्या रबरी हातमोज्यासारखा दिसतो. आधी तळव्याचा ठोकळा बसवायचा. बोटांची पेरं एका रेषेत नसतात, कमानीत असतात. आणि हे बघा, पाठीकडून बोटं लांब दिसतात." तिनं हात उलटा केला. "तळव्याकडून आखूड. बेचक्यातली कातडी इकडून वर चढलेली असते ना."

मी माझा हात उलटसुलट करून पाहिला. खरंच की! इतकी वर्षं हा हात वापरतेय.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"हे? हे सगळ्यांनाच माहीत असतं."

"मला आत्ता कळलं."

ती गप्प झाली. माझ्या मते इथंच या प्रकरणाची गाठ होती. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती शिकल्याची आठवणच पुसली जाते. मग ती "सगळ्यांना माहीत असलेली" होऊन बसते, आणि समोर उरतं ते फक्त न येणारं. असा माणूस आपल्या वर्षाचा हिशेब मांडायला बसला की त्याच्या वहीत जमेची बाजू कोरी. म्हणून तिला सांगितलं, आठशे शब्दांत "मला काय येतं" हे लिहूच नकोस. वर्षापूर्वी कोड्यात टाकणाऱ्या पण आता विचारही न करता तू करतेस अशा गोष्टी शोध. त्या तुझ्या डोक्यात सापडणार नाहीत, वह्यांत सापडतील.

महिनाभराची मुदत होती. आम्ही एक छोटा प्रयोग ठरवला. दर चौथ्या दिवशी पंधरा मिनिटं स्वतःचा डावा हात काढायचा. मॉडेल फुकटचं आणि कायम हजर. चित्राच्या मागे तारीख आणि एक ओळ लिहायची, आणि कागद पाकिटात टाकून द्यायचा. महिना संपेपर्यंत पाकिटात डोकवायचं नाही.

महिन्याच्या मध्येच ती तणतणत आली. प्रयोगात नव्हतं असं एक काम तिनं आपणहून केलं होतं. जुनं चित्र पुन्हा काढून दोन्ही शेजारी ठेवायची पद्धत या मुलांमध्ये बरीच आहे. तिनं जुन्या वहीतली छत्री धरून वाऱ्याशी झगडणारी म्हातारी पुन्हा काढली होती. "बघा. मी म्हटलं नव्हतं?"

मी पाहिलं. जुनीत डोकं मोठं, पाय कुठून निघालेत कळत नव्हतं, छत्रीच्या काड्यांचा काही मेळ नव्हता. पण वारा होता. नवीत सगळं प्रमाणात होतं, आणि म्हातारी फोटोसाठी उभी राहिल्यासारखी निवांत. या वेळी मी सवयीनं काही बोलले नाही. "हो," म्हटलं, "जुनीत वारा आहे. नवीत नाही."

रडेल असं वाटलं होतं. उलट ती सैलावली. "म्हणजे दिसतंय तुम्हाला." त्या दिवसापासून माझ्या बोलण्याला तिच्या लेखी काही किंमत आली असावी.

हे असं का होतं याचं माझं स्पष्टीकरण साधं आहे. लक्ष एका वेळी थोड्याच ठिकाणी पुरतं. प्रमाणं नवी नवी शिकलेली असताना सगळं लक्ष मोजण्यात जातं, आणि पूर्वी आपसूक येणारी हालचाल सुटते. मोजणं हाताला वळलं की लक्ष पुन्हा मोकळं होतं. या बाबतीत मी मुलांना एक जुना अभ्यास सांगते. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ साली तारयंत्रावर काम शिकणाऱ्यांची नोंद ठेवली. संदेश पाठवण्याचा वेग बऱ्यापैकी सरळ वाढत गेला. संदेश ऐकून उतरवण्याचा वेग मात्र एका जागी येऊन आठवड्यामागून आठवडे अडकायचा आणि मग एकदम वर जायचा. त्यांच्या मते त्या अडकलेल्या काळात कान एकेक अक्षर ऐकण्याकडून अख्खा शब्द ऐकण्याकडे वळत असतो. प्रत्येकाला असा थांबा लागतोच का, याबद्दल नंतरच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, तेव्हा मी तो नियम म्हणून सांगत नाही. पण तिला तो पटला. "मी अजून बोटं ऐकतेय," ती म्हणाली, "हात नाही." वाक्य तिचं आहे, मी फक्त टिपून ठेवलं.

तिच्या सरांनी त्यावर उपाय सांगितला, आणि तो कुठल्याही समुपदेशनापेक्षा कामाचा निघाला. मोजमाप सुरू करण्याआधी तीस-तीस सेकंदांची दहा गेश्चर, म्हणजे हालचाल पकडणारी झटपट चित्रं, फक्त वाऱ्याची दिशा आणि कमरेतला बाक. तिसरी म्हातारी आली ती दोघींच्या मधली. फार बरी नाही, पण छत्री उलटायला आली होती.

एकदा तिनं वयाचा मुद्दा काढला. वर्गातले काहीजण लहानपणापासून क्लासला जाणारे, हिनं उशिरा सुरू केलेलं. मी व्हॅन गॉगचं उदाहरण दिलं. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं होतं. "पण तो व्हॅन गॉग होता," ती म्हणाली. थोरांच्या गोष्टींनी दिलेला दिलासा असाच असतो, हातात घेईपर्यंत विरघळतो. त्यातला एक तपशील मात्र तिनं उचलला. सुरुवातीला तो फ्रेंच चित्रकार शार्ल बार्ग यांचे सरावाचे नमुने पुन्हा पुन्हा उतरवून काढायचा, आणि १८९० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, तेच नमुने त्यानं भावाकडे परत मागितले होते. "दहा वर्षांनी? तेच?" तिनं दोनदा विचारलं.

महिन्यानं पाकीट उघडलं. सात हात जमिनीवर मांडले. चमत्कार वगैरे नव्हता. पाचवा सगळ्यांत वाईट होता, आणि पहिला नि सातवा यांच्यात मला तरी फारसा फरक सांगता आला नसता. मग कागद उलटे केले. पहिल्याच्या मागे लिहिलं होतं, "घाण." दुसऱ्याच्या, "जमत नाही." तिसऱ्याच्या मागे नुसती तारीख. चौथ्यापासून अक्षर बारीक आणि ओळ लांब होत गेलेली. सातव्याच्या मागे, "करंगळीकडची कड सपाट झाली, तिथं टोन गडद हवा होता. मनगट आधी बसवलं असतं तर वळण आलं असतं."

ती बराच वेळ कागदांच्या पाठीच बघत होती. पुढची बाजू तिनं पुन्हा पाहिलीच नाही.

तिचं लिखाण अकराशे शब्दांचं झालं आणि कापायला दोन दिवस गेले. सुरुवात जुन्या वहीतल्या खिशांपासून होती. म्हातारीचा वारा हरवला तेही तिनं लिहिलं, न लपवता. "स्टाइल" हा शब्द त्यात कुठंही नव्हता; मी मुद्दाम शोधला. मार्क किती पडले ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी ती एक चित्र दाखवायला आली. सुईत दोरा ओवणारा माणूस. चेहरा मागे, धूसर, आणि पुढे कागदभर दोन हात.

"अंगठा चुकलाय," तिनं आल्याआल्या सांगितलं.

मला काही दिसेना. मी तसं म्हटलं. तिनं माझा हात ओढून टेबलावर ठेवला, आणि अंगठा कुठून सुरू होतो ते दाखवायला पेन्सिलीचं टोक थेट माझ्या मनगटाशी नेलं.