श्रद्धा ‘असणे’ आणि श्रद्धा ‘ठेवणे’

वसईहून एका वाचकाने विचारलं आहे : “मी जन्मजात ख्रिस्ती. पण माझी श्रद्धा वडिलोपार्जित आहे की माझी स्वतःची, हा प्रश्न हल्ली पाठ सोडत नाही. इथे ‘वडिलोपार्जित’ चालेल का, की ‘वंशपरंपरागत’ म्हणावं?”

‘वडिलोपार्जित’ उत्तम. उपार्जित म्हणजे कमावलेलं. कोण्या वडीलधाऱ्याने ते कधीतरी कमावलं होतं, हे त्या शब्दाला आठवतं. ‘वंशपरंपरागत’ला आठवत नाही.

मला खुपतं ते ‘जन्मजात’. रोज कानावर पडतं आणि रोज चुकीचं असतं. अंगावरचा तीळ जन्मजात असतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं की ख्रिस्ती जन्मत नाहीत, घडतात. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी बाळ झोपलेलं असतं, टाळूवर पाणी पडलं की दचकून रडतं, आणि “श्रद्धा ठेवता का?” या प्रश्नाला उत्तर देतात ते आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता. बाळ काहीच बोललेलं नसतं.

आता मूळ शब्दच पाहा. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा. ‘धा’ म्हणजे ठेवणे, यावर वाद नाही. ‘श्रत्’ म्हणजे सत्य, असं निघंटू हा वैदिक शब्दांचा जुना कोश सांगतो आणि आपले बरेच शास्त्रीपंडित तिथेच पोथी मिटतात. मला हे अजिबात पुरत नाही. लॅटिनमधलं ‘क्रेदो’ (श्रद्धा ठेवतो) हे याच शब्दाचं सख्खं भावंड, आणि त्यातला पहिला तुकडा हृदयवाचक आहे, असं तौलनिक भाषाशास्त्रातले अनेक जण मानतात. संस्कृतात हृदयाला ‘हृद्’ म्हणतात, मग इथे शकार कुठून आला, हा आक्षेप वजनदार आहे, कबूल. पण ऋग्वेदातल्या श्रद्धासूक्ताचा (१०.१५१) कवी श्रद्धा लाभते ती हृदयातल्या आकूतीने, म्हणजे संकल्पाने, असंच म्हणतो. त्याच्या कानाला तरी हे नातं ऐकू येत होतं. श्रद्धा म्हणजे काळीज नेऊन ठेवणे. आणि ‘क्रेदो’ हे प्रथमपुरुषी एकवचन आहे : ‘मी ठेवतो’. चर्चमध्ये पाचशे माणसं एका सुरात ‘क्रेदो’ने सुरू होणारी श्रद्धेची कबुली म्हणत असली, तरी लॅटिनमध्ये प्रत्येक जण ‘मी’च म्हणतो.

मराठीने तर हे क्रियापदांतच वाटून दिलंय. श्रद्धा असते, बसते आणि ठेवतात. घरात ती ‘असते’. आजीच्या हातातली जपमाळ पाहता पाहता ‘बसते’. ‘ठेवायला’ मात्र कर्ता लागतो, आणि तो आजी नसते.

वारसा नसला म्हणजे हा प्रश्न सुटतो असंही नाही. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्म घरातून मिळालेला नव्हता. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. तरी पुढे त्यांनी लिहिलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

उलट वारशाला हिणवायचंही कारण नाही. बायबलमधल्या पत्रात आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना प्रेषित पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन सांगतो, की हा विश्वास आधी त्यांच्या ठायी होता, आणि तुझ्याही ठायी आहे अशी माझी खात्री आहे. आजीने आईला दिला, आईने तुला दिला, असं तो म्हणत नाही. प्रत्येकाच्या ठायी तो वेगळा मोजतो.

तेव्हा तुमच्या वाक्यातलं ‘जन्मजात’ खोडा. ‘वडिलोपार्जित’ राहू द्या.